रॉकेट पडल्यावर कंपनी कशी वागते: लहान उपग्रहांच्या प्रक्षेपण सेवांची पारख

प्रक्षेपण कंपन्यांच्या माहितीपत्रकांत एक आकडा हमखास ठळक छापलेला असतो: यशस्वी उड्डाणांची टक्केवारी. लहान उपग्रहासाठी रॉकेट शोधणाऱ्याने या आकड्यापाशी फार रेंगाळू नये. पन्नास-साठ उड्डाणांच्या हिशेबात एका अपयशाने टक्केवारी दीड-दोनने हलते आणि पुढच्या उड्डाणाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. बघायचं ते रॉकेट पडल्यानंतरचं. कारण किती दिवसांत सापडलं, ते किती नेमकं सांगितलं, पुढचं रॉकेट तयार होतं का आणि तोवर कंपनीच्या खात्यात पैसे उरले होते का? या बाबतीत सेवासेवांमधली तफावत थक्क करणारी आहे. कोणी १५ दिवसांत पुन्हा उडालं, कोणाला जवळपास दोन वर्षं लागली, आणि काही कंपन्या पुन्हा उडाल्याच नाहीत.

पुढचं सगळं साधारण ५ ते ३०० किलोच्या उपग्रहांना धरून लिहिलं आहे. दूरसंचाराच्या अवजड उपग्रहांचं गणित निराळं, त्याचा उल्लेख ओघात येईल तेवढाच.

स्वस्त पडतं, पण कुठे सोडतात?

स्पेसएक्सच्या सामायिक उड्डाणांचे दर त्यांच्या संकेतस्थळावर उघड लावलेले असतात. या धंद्यात हे अपवादात्मकच. २०२४ चा दर होता ५० किलोपर्यंत ३ लाख डॉलर आणि पुढच्या प्रत्येक किलोला ६,००० डॉलर. दरवर्षी किलोमागे साधारण ५०० डॉलर वाढत आले आहेत. त्या दराने १०० किलोचा उपग्रह ६ लाख डॉलरमध्ये वर जातो. तोच एकट्याने रॉकेट लॅब कंपनीच्या इलेक्ट्रॉन या लहान रॉकेटवर न्यायचा तर ७५ लाख डॉलरच्या पुढे मोजावे लागतात. बारा पटींहून जास्त.

मग इलेक्ट्रॉन घेतं कोण? ज्यांना ठरावीक कक्षा लागते ते. स्पेसएक्सची 'ट्रान्सपोर्टर' उड्डाणं सूर्यसमकालिक कक्षेत जातात, म्हणजे उपग्रह प्रत्येक जागेवरून दर वेळी साधारण त्याच स्थानिक वेळेला जातो: उंची पाचशे-सहाशे किलोमीटर, विषुववृत्ताशी कल साधारण ९७.५ अंश. तिथून दुसरीकडे जायचं म्हटलं तर कक्षेचा कल फक्त एका अंशाने बदलायला सेकंदाला सुमारे १३० मीटर इतका वेगबदल करावा लागतो, आणि पुष्कळ लहान उपग्रहांच्या टाकीत एकूण इंधनच तेवढ्यापुरतं असतं. त्यामुळे उष्णकटिबंधातली वादळं सतत टिपत राहायची असतील तर ट्रान्सपोर्टर फुकट मिळालं तरी कामाचं नाही. एप्रिल २०२४ पासून स्पेसएक्सने मधल्या कलाच्या कक्षांसाठी 'बँडवॅगन' नावाची वेगळी उड्डाणं सुरू केली, त्यामुळे ही अडचण थोडी सैल झाली आहे. गेलेली नाही.

तेव्हा सल्ला असा की दरपत्रक उघडण्याआधी आपल्या कामाला कक्षेची किती मोकळीक आहे ते कागदावर मांडावं. उंचीत किती किलोमीटर इकडेतिकडे चालेल, कल किती, स्थानिक वेळ सकाळची हवी की पहाट-संध्याकाळची. "कुठेही चालेल" असं उत्तर येत असेल तर इथेच थांबून ट्रान्सपोर्टर घ्यावं. पुढचं वाचलंत तर करमणूक म्हणून वाचा.

ट्रान्सपोर्टर: बस वेळेवर सुटते, तुमच्यासाठी थांबत नाही

२४ जानेवारी २०२१ च्या पहिल्या ट्रान्सपोर्टरवर १४३ उपग्रह होते. पीएसएलव्ही-सी ३७ ने २०१७ मध्ये एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडून केलेला विक्रम त्या दिवशी मोडला. तेव्हापासून वर्षातून काही ठरावीक फेऱ्या होतात, आणि फेरीचा महिना सहसा पाळला जातो. यात कोणी मुख्य ग्राहक नसल्यामुळे एखाद्या बड्या उपग्रहासाठी बाकीच्यांना खोळंबावं लागत नाही. त्याची दुसरी बाजू अशी की तुमचा उपग्रह तयार नसेल तर तुमच्या जागी त्याच वजनाचा ठोकळा बसवून रॉकेट निघून जातं.

जाहीर दरात काय नाही, ते आधी विचारावं. क्यूबसॅटला (दहा सेंटिमीटरचे ठोकळे जोडून बनणाऱ्या लहान उपग्रहाला) सोडणारी पेटी किंवा मोठ्या उपग्रहाची विलग होणारी कडी, कंपन-चाचण्या, उपग्रहाची वाहतूक, इंधन भरायचं असेल तर त्याची व्यवस्था, विमा. थेट स्पेसएक्सशी करार न करता एक्झोलॉन्चसारख्या मध्यस्थाकडून गेलं तर पेटी आणि जोडणी एकाच हाताखाली येते. ३यू, ६यू (तीन, सहा ठोकळ्यांच्या) आकाराच्या क्यूबसॅटला तेच सोयीचं.

चाचण्यांत वेळ आणि उपग्रह दोन्ही जातात. रॉकेट नक्की व्हायच्या आधी कंपन-चाचणी करायची असेल तर नासाच्या गोडार्ड केंद्राच्या मानकातली सर्वसाधारण पातळी धरावी: लहान वजनाच्या उपकरणांसाठी पात्रता-चाचणी १४.१ जी-आरएमएस (कंपनांच्या सरासरी जोराचं माप), स्वीकृती-चाचणी १०. एकदा त्या पातळीवर टिकलं की रॉकेट ऐनवेळी बदललं तरी बहुधा चाचणी पुन्हा करावी लागत नाही. चाचणीत निकामी होणाऱ्या गोष्टी जवळपास ठरलेल्या असतात: डिंक न लावलेले स्क्रू ढिले होतात, जड कनेक्टर आधाराशिवाय लोंबकळत ठेवले तर त्यांच्या सोल्डरला चीर जाते, सौरपंखाची बिजागरी आपटते. चाचणीआधी आणि नंतर कमी जोराचं साइन-स्वीप (वारंवारता हळूहळू वाढवत हलवून बघणं) घेऊन दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवावेत. नैसर्गिक वारंवारता पाच टक्क्यांहून जास्त सरकली असेल तर आत काहीतरी सुटलं आहे, बाहेरून कितीही धडधाकट दिसलं तरी.

प्रक्षेपणस्थळी उपग्रह साधारण महिनाभर आधी पोहोचवावा लागतो. एकदा कडीवर चढवला की हात लावायला मिळत नाही. बॅटरी चार्ज करण्याची सोय मिळेल असं गृहीत धरू नये. स्विच बंद असताना बॅटरी किती हळू उतरते ते मोजून, उड्डाण दोन-तीन महिने लांबलं तरी उपग्रह जागा होईल एवढी शिल्लक ठेवावी.

कक्षेत सुटल्यावरची डोकेदुखी वेगळीच. शंभरावर ठिपके एका रांगेत जात असतात, त्यातला आपला कोणता हे कळायला कधी कधी आठवडे लागतात. उपग्रहात जीपीएस रिसीव्हर आणि ठरावीक अंतराने बोलणारा बीकन असेल तर हा त्रास बराच कमी होतो. शेवटी गाळायच्या यादीत जीपीएसला टाकणारे नंतर पस्तावतात.

काहींना ट्रान्सपोर्टरवरून पुढे वेगळ्या कक्षेत नेणारा 'टग' आकर्षक वाटतो. हिशेब बरोबर आहे, पण टग म्हणजे आणखी एक यान, त्याच्या स्वतःच्या बिघाडांसकट. जानेवारी २०२३ मध्ये लॉन्चर या कंपनीचा पहिला ऑर्बिटर टग रॉकेटवरून नीट सुटला, मग त्याला आपली दिशाच सावरता आली नाही, वीज संपली, आणि आतले ग्राहकांचे उपग्रह आतच राहिले. त्याआधी शेर्पा नावाच्या एका टगमध्ये इंधनगळती आढळल्याने तो उड्डाणाआधीच उतरवावा लागला आणि त्यावरच्या सगळ्यांची फेरी हुकली. टग घ्यायचाच असेल तर कक्षेत निदान दोनदा काम केलेला घ्यावा.

आता मूळ कसोटी. ११ जुलै २०२४ ला स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचा वरचा टप्पा दुसऱ्यांदा पेटताना बिघडला आणि स्पेसएक्सचेच, इंटरनेट पुरवणारे २० स्टारलिंक उपग्रह इतक्या खालच्या कक्षेत अडकले की ते वातावरणात जळून गेले. कारण होतं ऑक्सिजनचा दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे जाणारी एक बारीक नळी. तिची पकड सैल होती, इंजिनच्या कंपनांनी नळी थकली, चिरली आणि द्रवरूप ऑक्सिजन गळू लागला. त्यावरचा उपाय वाचण्यासारखा आहे: त्या सेन्सरचं काम इंजिनवरचे दुसरे सेन्सर करू शकत होते, म्हणून पुढच्या उड्डाणांपुरती ती नळी आणि सेन्सर दोन्ही काढूनच टाकले. २७ जुलैला फाल्कन पुन्हा उडालं.

दोन आठवड्यांत हे जमण्यामागे अभियांत्रिकी आहेच, पण धंद्याची रचनाही आहे. पडले ते स्वतःचे उपग्रह, आणि दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणातही स्वतःचेच. कोणा ग्राहकाची समजूत काढायची नव्हती, कोणा विमा कंपनीला अहवाल पटवायचा नव्हता. २०२४ मध्ये फाल्कन कुटुंबाची १३४ उड्डाणं झाली, त्यांतली सुमारे दोन तृतीयांश स्टारलिंकची. ही सवलत दुसऱ्या कोणाकडे नाही.

मात्र भाबडेपणाने बघू नये. त्याच वर्षी २८ ऑगस्टला एक बूस्टर (रॉकेटचा परत येणारा पहिला टप्पा) उतरताना कलंडला, आणि २८ सप्टेंबरला अंतराळवीर नेऊन सोडल्यानंतर वरच्या टप्प्याचं परतीचं प्रज्वलन चुकलं. तीन महिन्यांत तीन वेळा उड्डाणं थांबली, दर वेळी थोडक्या दिवसांसाठी. इतक्या वेगाने उडणाऱ्या ताफ्यात अशा कुरबुरी चालायच्याच, असं आमचं मत. फक्त आपली फेरी अशा खंडानंतर लगेचची असेल तर एक फेरी पुढे सरकण्याची मुभा करारात आहे का ते तपासावं. दूरसंचाराच्या व्यवसायात असाल तर आणखी एक गोष्ट: तुमचा वाहक हाच तुमचा प्रतिस्पर्धी आहे. उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या वनवेबने २०२२ मध्ये रशियन सोयूझ हातची गेल्यावर नाइलाजाने का होईना स्पेसएक्सशी करार केला. त्याच वेळी भारताच्या एलव्हीएम ३ चीही दोन उड्डाणं घेतली, प्रत्येकी ३६ उपग्रहांची. सगळं एकाच हाती न देण्याचा हा शहाणपणा लहान कंपन्यांनाही परवडण्यासारखा आहे.

इलेक्ट्रॉन: महाग, पण हिशेब स्वच्छ

इलेक्ट्रॉन १८ मीटर उंच, १.२ मीटर जाड, कार्बन तंतूंच्या सांगाड्याचं रॉकेट. पृथ्वीनिकट कक्षेत ३०० किलो, सूर्यसमकालिक कक्षेत सुमारे २०० किलो. न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून आणि अमेरिकेतल्या वॉलॉप्सहून उडतं. याच्या रदरफोर्ड इंजिनांचे पंप टर्बाइनने फिरत नाहीत, बॅटरीवरच्या मोटरने फिरतात. इंजिन त्यामुळे सोपं झालं, आणि किचकटपणा सगळा विजेच्या बाजूला गेला. हे वाक्य लक्षात ठेवावं, कारण इलेक्ट्रॉनची अपयशं त्याच वाटेने गेली आहेत.

पहिलं उड्डाण, मे २०१७: रॉकेट ठीक होतं. जमिनीवरच्या एका कंत्राटदाराच्या यंत्रणेत एक सेटिंग राहून गेलं, टेलिमेट्री (रॉकेटकडून जमिनीवर येणारी माहिती) तुटली आणि नियमाप्रमाणे सुरक्षा अधिकाऱ्यांनी उड्डाण संपवलं. हे बाजूला ठेवू.

४ जुलै २०२०: वरच्या टप्प्यातली एक विद्युतजोडणी अधूनमधून जास्त रोध दाखवू लागली. रोध वाढला म्हणून ती तापली, तापली म्हणून भोवतीचा भरणपदार्थ मऊ पडून वाहिला, आणि जोडणी सुटली. मोटर शांतपणे बंद झाली. टेलिमेट्री शेवटपर्यंत येत राहिली, म्हणूनच कारण इतकं चटकन हाती लागलं. ऑगस्ट संपायच्या आत पुढचं उड्डाण झालं.

१५ मे २०२१: वरच्या इंजिनाच्या इग्निशन यंत्रणेतल्या दोषाने संगणकाकडचे संकेत बिघडले, इंजिन मर्यादेबाहेर वळलं, संगणकाने ते बंद केलं. जुलैअखेर पुन्हा उड्डाण.

१९ सप्टेंबर २०२३: हे सर्वांत रंजक, कारण जमिनीवर सापडणं जवळपास अशक्य होतं. हवेचा दाब कमी होत जातो तशी दोन तारांमधली ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेजही एका टप्प्यापर्यंत कमी होत जातो. पाशेनचा नियम म्हणतात तो हाच. पूर्ण हवेत ठिणगी पडत नाही, पूर्ण पोकळीतही नाही. मधल्या एका पट्ट्यात मात्र पडते, आणि रॉकेट तो पट्टा ओलांडतंच. त्यात उच्च व्होल्टेजच्या डीसी पुरवठ्यावर एसीचा तरंग चढलेला, आसपास हीलियम आणि नायट्रोजनचे अंश, आणि तारेच्या आवरणात डोळ्यांना न दिसणारा दोष. सगळं एकत्र आलं, ठिणगी पडली, बॅटऱ्या शॉर्ट झाल्या. कपेला या रडार-उपग्रह कंपनीचा उपग्रह गेला. उपाय दोन: आवरणातले दोष पकडण्यासाठी पोकळीतल्या कडक चाचण्या, आणि बॅटरीची चौकट हवाबंद करून आत थोडा दाब ठेवणं, म्हणजे तो धोक्याचा पट्टा आत यायलाच नको. १५ डिसेंबरला पुन्हा उड्डाण. तीन महिन्यांच्या आत.

तिन्ही खऱ्या अपयशांत वरचा टप्पा आणि वीज. रॉकेट लॅबच्या माणसाशी बोलताना ग्राहकाने नेमका हाच प्रश्न विचारावा: माझ्या उड्डाणाच्या वरच्या टप्प्यातल्या उच्च व्होल्टेजच्या तारांची पोकळीत चाचणी झाली आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर वाईट खूण. एरवी ही कंपनी कारणं इतक्या तपशिलात सांगते की दुसऱ्या कंपनीच्या अभियंत्यानेही ती वाचून आपली तार तपासावी. आमच्या लेखी टक्केवारीपेक्षा हे मोलाचं.

बारा पट पैसे मोजून मिळतं काय? नासाच्या ट्रॉपिक्स या वादळं टिपणाऱ्या मोहिमेचे चार उपग्रह मे २०२३ मध्ये दोन उड्डाणांत, हव्या त्या कलाच्या कक्षांत, वादळांच्या हंगामाआधी पोहोचले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अॅस्ट्रोस्केलचं एक यान एका जुन्या जपानी रॉकेटच्या भटकत्या टप्प्याला गाठण्यासाठी सोडलं. तिथे कक्षाही ठरलेली आणि क्षणही. असं काम सामायिक उड्डाणात होत नाही.

खटकणारी बाब म्हणजे मोठ्या न्यूट्रॉन रॉकेटची तारीख. २०२४ म्हणता म्हणता २०२५ आणि मग २०२६ वर गेली. न्यूट्रॉन डोळ्यांपुढे ठेवून आपल्या उपग्रहांचा ताफा आखू नये, निदान पहिली दोन उड्डाणं होईपर्यंत. कंपनी मात्र तगून आहे, कारण तिचं निम्म्याहून अधिक उत्पन्न रॉकेटमधून येत नाही, उपग्रहांचे भाग आणि यानं बनवण्यातून येतं. नुसतं लहान रॉकेट विकून कोणी टिकल्याचं फारसं दिसत नाही.

जे स्वस्त म्हणून घेतले

व्हर्जिन ऑर्बिट बोइंग ७४७ च्या पंखाखालून रॉकेट सोडायची. सहा उड्डाणांत चार यशस्वी, म्हणजे नव्या कंपनीच्या मानाने वाईट नाही. ९ जानेवारी २०२३ ला ब्रिटनमधल्या कॉर्नवॉलहून निघालेल्या रॉकेटात इंधनवाहिनीतली एक गाळणी जागेवरून सुटली, पंपाला पुरेसं इंधन मिळेना, इंजिन तापलं. प्रमुखांच्याच म्हणण्याप्रमाणे शंभर डॉलरच्या आसपासचा भाग. नऊ उपग्रह गेले. एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. कारण सापडलं होतं, दुरुस्ती अवघड नव्हती. पुढचं रॉकेट उडवायला पैसे नव्हते.

अॅस्ट्राचं फेब्रुवारी २०२२ मधलं उड्डाण तर वायरिंग तपासणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावं. नाकाचं कवच उघडलंच नाही, कारण तारांच्या आराखड्यातच दोन वाहिन्यांची अदलाबदल झाली होती. कारागिराने आराखड्याबरहुकूम जोडलं, तपासनिसाने आराखड्याशी ताडून पाहिलं, दोघेही बरोबर. नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपच्या व्हेगाचं उलट झालं होतं: वरच्या टप्प्याचं इंजिन वळवणाऱ्या दोन केबल जोडणाऱ्याच्या हातून उलटसुलट लागल्या. पहिली चूक कागद तपासून सापडली असती, दुसरी प्रत्यक्ष इंजिन हलवून बघितल्यावर. म्हणून ग्राहकाने विचारावं की शेवटची ध्रुवता-चाचणी (जोडण्या उलटसुलट नाहीत ना याची तपासणी) कागदावर होते की यंत्र हलवून. अॅस्ट्राने जून २०२२ मध्ये ट्रॉपिक्सचे पहिले दोन उपग्रह गमावले आणि नंतर ते रॉकेटच बंद केलं. नासाने उरलेले चार रॉकेट लॅबकडे नेले.

एबीएल कंपनीचं 'आरएस १' रॉकेट जानेवारी २०२३ मध्ये अलास्कातून उडालं आणि अकराव्या सेकंदाच्या आसपास नऊही इंजिनं एकदम बंद पडली. उड्डाणमंच आकाराने लहान होता, ज्वाला उसळून रॉकेटच्या तळात परत शिरली आणि तारा जळाल्या. जुलै २०२४ मध्ये दुसरं रॉकेट चाचणीतल्या आगीत गेलं, आणि कंपनीने उपग्रह सोडण्याचा धंदाच सोडून क्षेपणास्त्र-संरक्षणाकडे मोर्चा वळवला.

फायरफ्लायचं अल्फा यातलं सर्वांत दमदार, हजारेक किलो नेणारं. ऑर्डर मिळाल्यापासून २७ तासांत उडून दाखवण्याचा पराक्रम त्याने सप्टेंबर २०२३ मध्ये केला. पण एप्रिल २०२५ मध्ये टप्पे वेगळे झाल्याबरोबर पहिला टप्पा फुटला, वरच्या इंजिनाचं नॉझल (ज्वाला बाहेर फेकणारं तोंड) तुटलं आणि लॉकहीड मार्टिनचा उपग्रह गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पुढच्या उड्डाणाचा बूस्टर जमिनीवरच्या चाचणीत फुटला. तोवरच्या सहा उड्डाणांत ठरल्या कक्षेत नीट पोहोचलेली दोनच. अल्फाला हात लावायचा तो विमा काढून किंवा हरवला तरी चालेल असा प्रायोगिक उपग्रह असेल तर.

घन इंधनाची वाट लांब

युरोपचं व्हेगा-सी २० डिसेंबर २०२२ ला पडलं आणि पृथ्वीची छायाचित्रं घेणारे दोन प्लेयाड निओ उपग्रह गेले. दुसऱ्या टप्प्याच्या घन मोटरच्या नॉझलमधलं कार्बन-कार्बनचं घशाकडचं कडं झिजलं. उत्तर लवकर सापडलं, तरी पुन्हा उड्डाणाला ५ डिसेंबर २०२४ उजाडलं. द्रव इंजिन चाचणीमंचावर पुन्हा पुन्हा पेटवता येतं, भाग बदलता येतात. घन मोटर एकदा पेटली की संपली. प्रत्येक प्रयोगाला अख्खी नवी मोटर भरावी लागते. जून २०२३ मधली सुधारित नॉझलची चाचणी फसली, आणि सगळं गणित वर्षभर पुढे गेलं. म्हणून घन टप्प्यांच्या रॉकेटवर जागा घेताना एका अपयशासाठी किमान वर्ष जमेस धरावं.

पीएसएलव्हीची कहाणी जास्त बोचणारी, कारण हे रॉकेट दशकानुदशकं लहान उपग्रहवाल्यांचा भरवशाचा पर्याय होतं. १८ मे २०२५ ला सी ६१ च्या तिसऱ्या, घन इंधनाच्या टप्प्यात दाब घसरला आणि ईओएस-०९ हा पृथ्वी-निरीक्षण उपग्रह गेला. तपासाचा अहवाल लोकांसमोर आला नाही. १२ जानेवारी २०२६ ला सी ६२ उडालं, पुन्हा तिसऱ्याच टप्प्यात गडबडलं, आणि या खेपेला व्यावसायिक सहप्रवाशांसह सगळे उपग्रह गेले. अपवाद एका स्पॅनिश कंपनीच्या लहानशा चाचणी-कुपीचा. ती कोसळता कोसळता वेगळी झाली आणि काही मिनिटं डेटा पाठवत राहिली. कारण जाहीर न करता पुन्हा उडणं हे ग्राहकाच्या दृष्टीने अपयशापेक्षा वाईट. तिसऱ्या टप्प्यात काय बदललं याचं लेखी, तांत्रिक उत्तर मिळेपर्यंत आम्ही पीएसएलव्हीवर जागा घेण्याचा सल्ला देणार नाही, दर कितीही चांगला असला तरी.

एरियन ६, व्हल्कन, न्यू ग्लेन ही मोठी रॉकेटं या चर्चेत फारशी येत नाहीत. त्यांच्या जागा अॅमेझॉनने एप्रिल २०२२ मध्येच तीन कंपन्यांशी मिळून ८३ उड्डाणांपर्यंतचे करार करून मोठ्या प्रमाणावर अडवून ठेवल्या, आणि तेही पुरेना म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये फाल्कन ९ ची तीन उड्डाणं घेतली. उरलेल्या कोपऱ्यात जागा मिळाली तर घ्यावी, तारखेचा आग्रह धरू नये.

करारात काय बघायचं

पहिलं, 'प्रक्षेपण' कधी झालं असं धरतात. बहुतेक करारांत उड्डाणासाठी मुद्दाम केलेलं प्रज्वलन म्हणजे प्रक्षेपण. त्या क्षणी कंपनीचं काम कागदोपत्री पूर्ण होतं आणि शेवटचा हप्ताही देय ठरतो. विमाही इथेच दुभंगतो. १ सप्टेंबर २०१६ ला फाल्कन ९ मंचावर इंधन भरताना फुटलं, चाचणी-प्रज्वलनाच्याही आधी, आणि वर बसवलेला एमोस-६ हा दूरसंचार उपग्रह खाक झाला. प्रक्षेपण-विमा सुरूच झाला नव्हता. भरपाई आली ती मालवाहतुकीच्या विम्यातून. उपग्रह कारखान्यातून निघाल्यापासून प्रज्वलनापर्यंतचा विमा वेगळा काढावा लागतो आणि लहान कंपन्या नेमका तोच विसरतात.

दुसरं, पुन्हा उड्डाण. एमोस-६ च्या मालकाला स्पेसएक्सने २०१९ मध्ये एमोस-१७ शुल्काशिवाय नेऊन दिला. अशी अट आपल्या करारात असेल तर "पुढचं उपलब्ध उड्डाण" या शब्दांपुढे महिन्यांची मर्यादा लिहून घ्यावी, नाहीतर ते उड्डाण कधीच उपलब्ध होत नाही.

तिसरं, परस्पर दावामाफी. अमेरिकी कायद्यानुसार परवानाधारक उड्डाणात प्रत्येकाने आपापलं नुकसान सोसायचं असतं. रॉकेट कंपनीवर किंवा शेजारच्या उपग्रहावर दावा लावता येत नाही. यात घासाघीस चालत नाही, त्यात वेळ घालवू नये.

चौथं, हप्ते. पैसे कामाच्या टप्प्यांना बांधावेत, तारखांना नाही: उड्डाणाचं रॉकेट तयार झालं, उपग्रहाची जोडणी पटली, उपग्रह स्थळी पोहोचला. कंपनी दिवाळखोर झाली तर आगाऊ दिलेली रक्कम तारण नसलेल्या धनकोंच्या रांगेत जाते, आणि त्या रांगेत शेवटी फारसं काही उरत नाही. ठरल्या मुदतीनंतर बारा महिने उशीर झाला तर करार मोडून पैसे परत, हे कलम नव्या कंपनीकडून घेतल्याशिवाय सही करू नये.

उपग्रहाच्या बाजूनेही पर्याय उघडा ठेवता येतो. दोन रॉकेटांच्या कंपन-पातळ्यांचं आच्छादन (प्रत्येक वारंवारतेला दोहोंतली मोठी पातळी) घेऊन एकदाच चाचणी करावी, विलगीकरणाची कडी दोन्हीकडे बसणारी निवडावी, आणि वारंवारतेच्या परवान्याच्या अर्जात कक्षेची उंची एका आकड्यावर न बांधता पट्टा द्यावा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे नोंदलेली वारंवारता सात वर्षांत वापरात आणावी लागते, तेव्हा नोंदणी रॉकेट ठरण्याच्या फार आधी केली आणि मग दोनदा वाहक बदलला तर ही मुदत अंगाशी येते. इंधन भरलेला उपग्रह साठवणीत पडून राहणार असेल तर टाकीच्या झडपांची आणि दाबाची तपासणी कोण करणार, किती दिवसांनी आणि कोणाच्या खर्चाने, हेही जोडणीच्या कागदपत्रात आधीच लिहून ठेवावं.